डावा कान

माझ्या भावाचे फोटो दरवर्षी थोडे थोडे काळे होत चालले होते. पहिल्या वर्षी वाटलं, कॅमेरा जुना झाला. दुसऱ्या वर्षी वाटलं, जनावरं हल्ली उशिरा बाहेर पडतात. तिसऱ्या वर्षी खरं काय ते लक्षात आलं, आणि मी काही बोलले नाही. न बोलता निस्तरायची सवय मला लहानपणापासून आहे. आता तिचा मला कंटाळा आला आहे.

भावाचं नाव असानाली. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना आके, म्हणजे दादा, म्हणते, आणि गावही असानाली आकेच म्हणतं. एकतीस वर्षं ते आमच्या वरच्या राखीव डोंगरांचे रखवालदार. घोड्यावरून खिंडी पालथ्या घालायच्या, चोरट्या शिकाऱ्यांना अडवायचं, रानबोकड मोजायचे आणि ऑफिसने दिलेल्या कॅमेऱ्याने जमतील तसे फोटो काढायचे. ते फोटो पेनड्राइव्हवर घालून माझ्या टेबलावर आणून टाकायचे आणि म्हणायचे, "बघ, काही निघतं का."

निघतं कसलं, काढावं लागतं. इल्बिर्स, म्हणजे आमचा हिमबिबट्या, भर उजेडात फारसा दिसत नाही. सूर्य कड्यामागे गेला की तो उठतो, आळस देतो आणि चालू लागतो. त्या वेळचा फोटो मुळात काळा येतो. त्याचा उजेड वाढवला की अंधाराखालची सगळी घाण वर येते. लाल-हिरवे ठिपके, जांभळे डाग, आणि सगळ्या चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे. आधी रंगाचे दाणे काढायचे. ते निर्लज्ज असतात, लगेच ओळखू येतात. मग उजेडाचे. तिथे खरी कसोटी, कारण जनावराचे केसही दाण्यांसारखेच दिसतात. जरा जास्त पुसलं की इल्बिर्सची साबणाची वडी होते. म्हणून डोळे, मिशा, पंजे बाजूला राखायचे, मागचा खडक थोडा खरखरीत सोडायचा, आणि संध्याकाळ ही संध्याकाळच ठेवायची. ऑफिसातल्या लोकांना सगळं दुपारसारखं लख्ख हवं असतं. मी देत नाही. त्यांना दुपार हवी असेल तर दुपारी जाऊन फोटो काढावेत.

हे काम मी दिवसा पडदे ओढून करते. उजेडात लॅपटॉपच्या पडद्यावरचा काळा रंग नीट कळत नाही. शेजारणी म्हणतात, कालिपा दिवसभर लोळत असते. म्हणोत.

हात माझा जुना आहे. नारिन शहरातल्या एका फोटो स्टुडिओत मी सव्वीस वर्षं काढली. पासपोर्ट, लग्नं, आणि सगळ्यात जास्त थडगी. आमच्याकडे थडग्याच्या काळ्या दगडावर माणसाचा चेहरा कोरतात, आणि त्यासाठी घरचे लोक हाती लागेल तो फोटो घेऊन येतात. एकाचे डोळे मिटलेले, एकाच्या गालावर दुसऱ्याचा हात. एका ट्रक ड्रायव्हरचा एक कान टोपीखाली गेलेला होता. मी दुसऱ्या बाजूचा कान उचलला, उलटा केला आणि जागेवर बसवला. त्याची बायको बघून रडली, म्हणाली, अगदी असाच होता. तेव्हापासून मी किती माणसांना किती कान-नाकं दिली, त्याचा हिशेब देवाकडेच असेल.

तर आके. त्यांचे डोळे गेले होते. पूर्ण नाही. दूरचा घोडेस्वार चालीवरून ओळखायचे, पण हातातलं दिसत नव्हतं, आणि संध्याकाळचं तर काहीच नाही. कॅमेऱ्याची चकती कुठल्या आकड्यावर आहे ते त्यांना कळत नव्हतं, मागच्या छोट्या पडद्यावर काय उमटलं तेही नाही. पियालीत चहा ओतताना बाहेर सांडायचा आणि ते म्हणायचे, किटलीची चोच वाकडी आहे. मी किटली बदलली. चोच पुन्हा वाकडीच निघाली.

निवृत्तीला दोन वर्षं होती. ऑफिसला कळलं असतं तर घोडा काढून घेतला असता, आणि घोड्याशिवाय आके मला बघवले नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी ती झाकून धरली. ते काळे फोटो आणायचे, मी साफ करून द्यायची, ऑफिस म्हणायचं, असानाली आकेची नजर म्हणजे नजर. हे ऐकून ते मिशीत हसायचे, आणि माझ्या मानेत कळ यायची.

सप्टेंबरात त्यांनी आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो काढला. वरच्या कुरणाच्या शेवटाला, कड्याखाली, सत्तर पावलांवरून, मेंढीच्या ओरडण्याच्या दिशेने कॅमेरा धरून. इल्बिर्सने मेंढीचा गळा धरलेला, तिला वर ओढत नेताना त्याने वळून कॅमेऱ्याकडे पाहिलेलं. मूळ फोटो म्हणजे कोळशाची वखार होती. आठ दिवस मी त्यात डोकं घालून बसले. आठव्या दिवशी इल्बिर्स वर आला, डोळ्यातल्या उजेडासकट. मेंढीचं डोकं खाली लोंबत होतं, डावा कान आमच्या बाजूला. त्या कानाची कड दाण्यांत फाटून गेली होती. अशा कडा मी दिवसाला वीस शिवते. वरची धड कड उचलली, उलटवली, खाली जोडली, टोक गोल केलं. एक मिनिटही लागलं नसेल. हाताला सवय होती, डोक्याला विचारावं लागलं नाही.

तो फोटो मोठा करून गावच्या ऑफिसात भिंतीवर लावला. आके रोज काही ना काही निमित्त काढून तिथे जायचे.

ऑक्टोबरात मेंढ्या कुरणावरून खाली आल्या. सगळ्या गावाच्या मेंढ्या उन्हाळाभर एकाच माणसाकडे असतात, सादिरकुलकडे. सतरा वर्षं तोच सांभाळतो. खाली आल्यावर ज्याने त्याने कानावरची खूण बघून आपापल्या वेगळ्या करायच्या. प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणी कानाला मधून चीर देतं, कुणी खालून चंद्रकोर काढतं. आमच्या वडिलांची खूण साधी होती, डाव्या कानाचं टोक सरळ उडवायचं. आणि जुना रिवाज असा की वर एखादी मेंढी मेली, तर मेंढपाळाने तिचा कान आणून मालकाला दाखवायचा. कान दाखवला की विषय संपला. नाही दाखवला तर लोक समजायचं ते समजतात.

आकेंची एक कमी निघाली. पांढऱ्या तोंडाची, आमच्या आईला जाऊन वर्ष होईल तेव्हाच्या जेवणासाठी राखलेली.

"कान दाखव," आके म्हणाले.

"कान इल्बिर्सच्या पोटात आहे, आके," सादिरकुल म्हणाला. "कड्यावरून वर नेली. मी शेवटच्या कळपाबरोबर खाली होतो. तुम्हीच तर फोटो काढलाय तिचा."

मग सगळी मिरवणूक गावच्या ऑफिसात गेली. म्हातारा ओमुराली, आमचा आक्साकाल, ज्याच्या पांढऱ्या दाढीला गावात सगळे मान देतात, पुढे झाला. त्याने भिंतीवरच्या मेंढीच्या कानावरून बोट फिरवलं, वरून खाली, खालून वर.

"कान अखंड आहे," तो म्हणाला. "आपल्याकडची नाही ही. खिंडीपलीकडचे लोक कान कापत नाहीत, उजव्या कानात पिवळा बिल्ला मारतात. त्यांची असणार."

"अखंड नव्हता," सादिरकुल म्हणाला.

"म्हणजे फोटो खोटं बोलतो, आणि तू खरं?"

त्यावर कुणीतरी हसलं. त्या हसण्याने सादिरकुल चोर झाला. तोंडावर कुणी म्हणालं नाही. फक्त त्याच्या घरी चहाला जायचं लोकांनी बंद केलं. शेजारच्या लग्नात त्याच्या बायकोला कणीक मळायला बोलावलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मेंढ्या कुणाकडे द्यायच्या, हे शुक्रवारी नमाजानंतर बसून ठरवायचं असं गावाने ठरवलं.

हे सगळं मी ऐकून होते, पण माझा त्याच्याशी संबंध आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आठ दिवस इल्बिर्सच्या मिशा मोजलेल्या बाईला मेंढीचा कान कुठून आठवणार? मंगळवारी सादिरकुल माझ्या दारात उभा राहिला, बूट न काढता.

"आत ये, चहा घे," मी म्हटलं.

"चहा नको, कालिपा एजे. माझ्याकडे कुणी पीत नाही, मग मी कुणाकडे कशाला पिऊ." तो उंबऱ्यावरच बसला. एजे म्हणजे ताई, तो मला नेहमी तसंच म्हणतो. "एक विचारू? राग नका मानू. तुम्ही फोटो धुता ना?"

"साफ करते."

"तेच. कपडा धुताना कधी कधी रंग जातो. कधी शिवणही उसवते."

"सरळ बोल, सादिरकुल. माझी मान दुखते आहे."

"त्या मेंढीचा डावा कान धड नव्हता. मला माहीत आहे. दोन उन्हाळे ती माझ्यासमोर चरत होती. कसा होता ते मी तोंडाने सांगणार नाही. मी सांगितलं की तुम्हाला तसाच दिसेल, आणि गाव म्हणेल, याने पढवलं. तुमच्याकडे न धुतलेला असेल तर तुम्हीच बघा."

"आणि तुझ्या म्हणण्यासारखा नसला तर?"

"तर मी दुसरीकडे कुठेतरी मेंढ्या राखीन. पण मग गावातून जाताना मान खाली घालून जावं लागेल. माझा बाप याच गावात पुरलाय." तो उठला. "कसा कापलाय ते मी तिथेही बोललो नाही, एजे. चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं."

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा कळलं नाही.

मूळ फाइली मी टाकत नाही. जुन्या डिस्कवर वर्षावार ठेवते, लोकरीच्या नमद्याच्या पिशवीत गुंडाळून. पडदे ओढले, तो फोटो काढला, आणि यावेळी काही पुसलं नाही. फक्त अंधार हळूहळू वर उचलत गेले. दाणे आले, डाग आले, सगळी घाण आली. कान मोठा केला. जवळून बघितलं तर नुसता रवा. खुर्ची मागे घेतली, भिंतीला टेकून उभी राहिले, डोळे बारीक केले. तेव्हा दिसलं. टोक उडवलेलं होतं, पण सरळ नाही. आणि पुढच्या कडेपासून एक तिरकी चीर कानाच्या मध्यापर्यंत उतरली होती, सुरी घसरल्यासारखी.

सरळ कापलेला असता, तर वडिलांची खूण मी दाण्यांतूनही ओळखली असती असं मला वाटतं. वाकडी होती, म्हणून फाटलेली कड समजून मी ती शिवली. आमच्या घराची खूण आमच्याच घरच्या बाईने पुसली, आणि तीही नीटनेटकी. लोक कानाडोळा करतात म्हणजे काय करतात, ते मला त्या दिवशी नीट कळलं. आणि सुरी कुणाची घसरली असेल हेही कळलं. त्या मेंढीचा कान मागच्या वर्षीच्या वसंतात आकेंनीच कापला होता.

मला लाज वाटली आणि रागही आला. लाज माझी मला. राग आकेंचा, त्यांच्या डोळ्यांचा, किटलीचा, सगळ्याचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार?

लॅपटॉप घेऊन शेजारच्या त्यांच्या घरी गेले. आके खोगिराच्या पट्ट्याला तेल लावत बसले होते, बोटांनी चाचपत.

"आके, मेंढीचा मूळ फोटो बघता का?"

"आता नको. डोळे थकलेत."

"कान बघायचा आहे फक्त."

"ओमुरालीने बघितलाय."

"ओमुरालीने माझं शिवणकाम बघितलंय."

त्यांचा हात थांबला. पण त्यांनी मान वर केली नाही. "तुला काय म्हणायचंय?"

"मी शुक्रवारी तिथे दाखवणार आहे. तुम्हाला आधी सांगावं म्हणून आले."

"दाखव." ते पुन्हा पट्ट्याला लागले. "तो फोटो भिंतीवरून उतरवतील, माहितेय ना? तुझं नाव घेतील. माझं घेतील."

"हो."

"मग दाखव. मला कशाला विचारतेस?"

मी अजून थोडी उभी राहिले असते तर बोलले असते की मला सगळं माहीत आहे. पण मी थकले होते. घरी येऊन कालचाच ब्रेड खाल्ला आणि आडवी झाले.

शुक्रवारी शाळेच्या मोठ्या खोलीत गाव जमलं. पुरुष बाकांवर, बायका खिडकीशी. सादिरकुल दाराजवळ, टोपी हातात घेऊन. आके पुढच्या रांगेत, पाठ ताठ. मी लॅपटॉप शाळेच्या टीव्हीला जोडला आणि आधी भिंतीवरचा फोटो लावला, मग न धुतलेला. लोकांनी नाकं मुरडली. हा काय, म्हणाले, हा तर वाया गेलेला फोटो आहे.

"हाच खरा आहे," मी म्हटलं. "तो भिंतीवरचा मी साफ केलेला आहे. साफ करताना हा कान मी जोडला. माझी चूक झाली. मुळात कान कापलेला आहे. इथे टोक, आणि इथे तिरकी चीर."

खोलीत कुजबुज झाली. ओमुराली उठून टीव्हीजवळ गेला, इतका जवळ की त्याची दाढी काचेला लागली.

"मला तर नुसते दाणे दिसतात, पोरी."

"लांबून बघा, आक्साकाल. जवळून दाणेच दिसणार."

तो दोन पावलं मागे आला, तीन पावलं. "आता दिसतंय. चीर दिसते." मग तो माझ्याकडे वळला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळेच मला जास्त लागलं. "पण मला सांग कालिपा, माझ्या बायकोच्या थडग्यावरचा फोटो तूच केलास. तिचा एक दात पडलेला होता, तू लावून दिलास. मी तुला धन्यवाद दिले. जी बाई कान शिवू शकते ती कापूही शकते. आज कापला नाहीस कशावरून?"

सव्वीस वर्षं लोकांनी माझ्या हाताचं कौतुक केलं होतं, आणि त्याच कौतुकाने आता माझं तोंड बंद झालं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी सादिरकुलकडे पाहिलं. तो टोपीची कड बोटांनी फिरवत जमिनीकडे बघत होता. त्याने फक्त एक वाक्य बोलायची गरज होती, की ही चीर असानाली आकेच्या हातची आहे, त्यांना दिसत नाही. दीड वर्ष त्याने ते पोटात ठेवलं होतं, आणि आता स्वतःचं नाव जात असतानाही तो बोलत नव्हता. मी काय झाकून धरलं होतं ते मला त्या क्षणी फार क्षुल्लक वाटलं.

"चला, उठू या," मागून कुणी म्हणालं. "मेंढ्या पलीकडच्या वाडीतल्या माणसाला द्या."

"बसा," आके म्हणाले.

ते उठले. टीव्हीकडे पाठ करून लोकांकडे तोंड करून उभे राहिले.

"तो टीव्ही बंद कर, कालिपा."

मी बंद केला.

"मागच्या वर्षी एप्रिलात पांढऱ्या तोंडाच्या कोकराचा कान मी कापला," आके म्हणाले. "मला सुरीचं टोक दिसत नव्हतं. पहिल्यांदा टोक वाकडं उडालं, बाहेरून आत. मग वाटलं, सरळ करू. तर सुरी घसरली आणि पुढच्या कडेपासून खाली आली, तिरकी, मधोमध. कोकरू फार ओरडलं. मी बोटाने चाचपून बघितलं किती लागलंय ते. घरात कुणाला सांगितलं नाही." त्यांनी मागे न बघता टीव्हीकडे बोट केलं. "हा फोटो, धुतलेला काय आणि न धुतलेला काय, मी आजपर्यंत नीट बघितलेला नाही. मला दिसत नाही. पाचसहा वर्षं झाली. जवळचं दिसत नाही आणि दिवेलागणीनंतर काहीच नाही. भिंतीवर काय लावलंय ते लोकांनी सांगितलं तेवढंच मला माहीत आहे."

आके माझ्याकडे वळले.

"आता लाव टीव्ही. आणि ओमुराली आके, तुम्ही बघा. मी म्हटलं तसा आहे का कान?"

मी लावला. ओमुराली तीन पावलं मागे जाऊन उभा राहिला. बराच वेळ बघत होता. त्याच्या मागे आणखी लोक येऊन उभे राहिले, डोळे बारीक करून, माना तिरक्या करून. एवढ्या दाण्यांनी भरलेल्या फोटोकडे इतक्या माणसांनी इतका वेळ बघितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"बाहेरून आत," ओमुराली म्हणाला. "आणि पुढून खाली. आहे."

आके दाराकडे चालत गेले. वाटेत एका बाकाला त्यांचा गुडघा लागला, आणि या वेळी सगळ्यांनी ते पाहिलं. सादिरकुलसमोर उभे राहून ते म्हणाले, "कान बघितला. मेंढी माझीच होती."

मालकाने हे म्हटलं की विषय संपतो. सादिरकुलने टोपी डोक्यावर घातली. "चला, आके," तो म्हणाला, "घरी चहा ठेवलाय. तीन आठवडे ठेवतोय, कुणी पीत नाही." ओमुराली म्हणाला, मीही येतो, आणि बोलावलं नसताना आणखी सातआठ जण निघाले. मी नाही गेले. टीव्हीची वायर काढली, गुंडाळली, आणि शाळेच्या पायरीवर बसून राहिले. मोकळं वाटेल असं वाटलं होतं. नुसतीच झोप येत होती.

फोटो भिंतीवरून उतरला. घोडा नोव्हेंबरात गेला. ऑफिसच्या माणसाने लगाम हातात घेतला तेव्हा आके घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभे होते, आणि मी पडद्याआडून बघत होते. त्या दिवशी ते माझ्याकडे जेवायला आले. शेवया चिवडत म्हणाले, "तुला किती वर्षं माहीत होतं?"

"तीन."

"आणि धूत बसलीस."

"हो."

"आणि किटली? दोन बदलल्या म्हणे."

"तीन."

ते हसले नाहीत. "सांगायचं होतंस गं," म्हणाले. "मी रोज जाऊन त्या भिंतीसमोर उभा राहायचो. मला वाटायचं, आज दिसेल." मी त्यांच्या पियालीत चहा ओतला आणि पियाली त्यांच्या हातात दिली.

हिवाळा तसाच गेला. एप्रिलात आमच्याकडे नऊ कोकरं झाली. सादिरकुल मदतीला आला, सुरी घेऊन. गावाने मेंढ्या त्यालाच दिल्या होत्या. त्याने पहिलं कोकरू मांडीत धरलं आणि सुरी माझ्यापुढे केली.

"मी?" मी म्हटलं.

"घरची खूण घरच्यानेच करायची. आकेंना जमत नाही, तुमचा हात बसलेला आहे."

"माझा हात कशाला बसलेला आहे ते गावाला माहीत आहे."

"म्हणूनच," तो म्हणाला.

आके कुंपणाला टेकून बसले होते, तोंड उन्हाकडे. "सरळ काप," म्हणाले. "बापाची खूण आहे. टोक सरळ उडव."

"सरळ नको, आके," सादिरकुल म्हणाला. "सरळ टोकाची दोन घरं आहेत गावात, एकाचा डावा कान, एकाचा उजवा, दरवर्षी माझी डोकेफोड. तुमची वाकडी ठेवा. बाहेरून आत, आणि पुढून खाली. तशी कुणाचीच नाही. संध्याकाळी अर्ध्या उजेडातही मला लांबून कळेल."

आकेंनी तोंड उन्हाकडून आमच्याकडे वळवलं. मग म्हणाले, "बाप असता तर त्याने माझे कान उपटले असते."

"मग ती खूणही ठेवू," सादिरकुल म्हणाला.

मी टोक वाकडं उडवलं. मग पुढच्या कडेपासून सुरी तिरकी खाली आणली, मधोमध. कोकरू ओरडलं, त्याने पाय झटकला, रक्ताचा एक थेंब माझ्या मनगटावर आला. कान मऊ होता, गरम. माझा अंगठा आपोआप त्या चिरेवर गेला आणि दोन्ही कडा एकमेकींना जुळवून दाबू लागला.

"सोडा, एजे," सादिरकुल म्हणाला.

मी सोडलं.